विधान-गृहीतक: केळीचं माहीत असलं की उत्तर चुकतं, हे काय गणित आहे?

केळीवाला_रावेर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला. बीएस्सी झालंय. गेलं दीड वर्ष राज्यसेवा आणि बँक दोन्हीची तयारी चाललीय, म्हणजे सकाळी अभ्यासिका आणि दुपारनंतर बाग. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पेपर दोनचं नाव काढलं की सगळे म्हणतात, त्याचं काय घेऊन बसलास, 33 टक्केच तर लागतात. बरोबर आहे, 200 पैकी 66. पण प्रश्न 80, एकेक अडीच गुणांचा, आणि चार चुकले की एक बरोबर आलेलं धुऊन जातं. उतारे मला जमतात, गणितंही जमतात. मी आपटतो तो ‘विधान आणि गृहीतके’ इथं. बँकेच्या मुख्य परीक्षेच्या सरावातही हेच.

मागच्या रविवारी वीस प्रश्न सोडवले, आठ बरोबर आले. आणि गंमत म्हणजे जे विषय मला सगळ्यात जास्त माहीत आहेत, तिथंच चुकलो. तीन नमुने देतो.

पहिला. विधान: ‘थंडी वाढली की केळीच्या बागेला रात्री पाणी द्या आणि पहाटे बागेत धूर करा,’ असा सल्ला अधिकाऱ्यानं शेतकऱ्यांना दिला. गृहीतके: (1) कडाक्याच्या थंडीनं केळीचं नुकसान होऊ शकतं. (2) रात्री शेतीपंपाला वीज मिळते. (3) सगळे शेतकरी हा सल्ला पाळतील.

मी 1 आणि 2 धरलं. उत्तरपत्रिकेत फक्त 1. आता मला सांगा, आमच्या फिडरला कधी दिवसा लाईट, कधी रात्री. जानेवारीत रात्री दोनला उठून मोटार चालू करायला मी स्वतः जातो. विजेशिवाय पाणी कसं देणार? बादलीनं?

दुसरा. विधान: ‘आज अमावस्या आहे, ट्रॅक्टरचा बयाणा उद्या देऊ.’ गृहीतके: (1) अमावस्येला व्यवहार करणं अशुभ असतं. (2) ट्रॅक्टर उद्याही मिळेल. मी 1 खोडलं. ही अंधश्रद्धा आहे, ती बरोबर कशी धरायची? उत्तरात दोन्ही.

तिसरा. विधान: ‘वांगी बामणोदची आहेत, म्हणजे भरीत चांगलंच होणार.’ गृहीतके: (1) बामणोदच्या वांग्यांचं भरीत चांगलं होतं. (2) फक्त बामणोदच्याच वांग्यांचं भरीत चांगलं होतं. इथं मी दोन्ही धरली, कारण आमच्या घरात दुसरं वांगं भरताला चालतच नाही. उत्तर फक्त 1.

ज्या क्लासला मी दोन महिने गेलो तिथल्या सरांनी सांगितलं होतं, ‘डोकं लावू नका, पॅटर्न ओळखा.’ फी भरून हे ऐकलं. कुणी नीट समजावून सांगेल का, गृहीतक म्हणजे नक्की काय विचारतात?

---

पेपर_दोन

भाऊ, एवढा विचार करू नको. ‘फक्त’, ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘च’ दिसलं की उडव. तुझ्या तीनपैकी एक प्रश्न एवढ्यावरच सुटतो. सरकारी सूचना असेल तर ‘लोकांना फायदा होईल’ हे धर. जाहिरात असेल तर ‘लोकांना ती वस्तू हवी आहे’ हे धर. मी असंच काढलं. वेळ वाचव.

---

यावलची_ताई

वरच्या भावाचं म्हणणं मी आधी खोडते, मग तुझ्याकडे येते.

‘फक्त’ दिसलं की उडव, या नियमानं माझी एक अख्खी परीक्षा गेली. हे विधान बघ: ‘तुझ्याकडे जातीचा दाखला नाही, म्हणजे तुला या योजनेचा अर्ज करता येणार नाही.’ इथं ‘फक्त दाखला असलेल्यांनाच अर्ज करता येतो’ हे गृहीतक आहे की नाही? आहेच. त्याच्याशिवाय विधान उभंच राहत नाही. ‘फक्त’ हा शब्द गुन्हेगार नाही. विधानाला तो लागतो का, एवढंच बघायचं.

आता तुझं. मी चार वेळा बँकेची परीक्षा दिली, पाचव्या वेळेस लागले. तेव्हा यावलहून भुसावळला वाचनालयात जायचे, लेक दोन वर्षांची होती, सासूबाई सांभाळायच्या. पुस्तकात ‘गृहीतक म्हणजे विधान करणाऱ्यानं न बोलता मान्य केलेली गोष्ट’ अशी व्याख्या पाठ होती, पण ती मला कळली नोकरी लागल्यावर, काउंटरला बसल्यावर. उशीरच झाला म्हणा.

एक बाबा आले. पासबुक पुढं सरकवलं आणि म्हणाले, “आज गुरुवार हाये ना, मंग पैसे आले असतीन.” मी बघितलं, नव्हते आले. बाबा ऐकेनात. गुरुवार आहे की नाही, एवढंच विचारत राहिले. मग हळूहळू कळलं: केळीच्या व्यापाऱ्यानं ‘गुरुवारी पैसे टाकतो’ असं सांगितलं होतं. आता बघ, बाबांच्या त्या एका वाक्यात किती गोष्टी दडल्या होत्या. व्यापारी बोलला तसं करतो. तो पैसे खात्यात टाकतो, हातात देत नाही. ह्याच खात्यात टाकतो, मुलाच्या नाही. टाकले की त्याच दिवशी दिसतात. बाबा यातलं एकही वाक्य बोलले नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते बोलण्यासारखं नव्हतंच. बोलले फक्त दोन टोकं, गुरुवार आणि पैसे. मधला पूल पाण्याखाली.

(पैसे मुलाच्या खात्यात गेले होते.)

त्या दिवसापासून मी वाक्यात ‘म्हणजे’, ‘म्हणून’, ‘मग’, ‘तेव्हा’ शोधते. त्याच्या अलीकडे एक टोक, पलीकडे दुसरं. गृहीतक असतं ते त्या ‘म्हणजे’च्या पोटात. सल्ला किंवा सूचना असेल तर ‘म्हणून’ दिसत नाही, आपणच घालायचा: अमुक करा, कारण त्यानं तमुक होईल.

आता कसोटी. गृहीतक उलटं कर आणि विधान अजून उभं राहतं का बघ. उलटं केल्यावर बोलणारा माणूस खुळा ठरत असेल, तर ते गृहीतक होतं. नुसता थोडा अडचणीत येत असेल, तर नव्हतं.

केळीचं घे. पहिलं उलटं कर: थंडीनं केळीचं काहीच बिघडत नाही. मग साहेब रात्री पाणी द्या, धूर करा, हे कशाला सांगतोय? खुळा ठरला. तिसरं उलटं कर: सगळेच शेतकरी पाळतील असं नाही. मग? शंभरातल्या चाळीसांनी पाळलं तरी सल्ल्याला अर्थ आहे. साहेब खुळा ठरत नाही. म्हणून 3 नाही.

दुसऱ्यावर तू भांडतोयस ते मला समजतं, मीही केळीवाल्याचीच लेक. पण उलटं कर: रात्री शेतीपंपाला वीज मिळत नाही. सल्ला मेला का? डिझेल इंजिन आहे. उंचावरच्या टाकीवरून ठिबक सोडता येतं. सल्ल्याला लागतं एवढंच की ‘रात्री पाणी देणं निदान काही जणांना शक्य आहे.’ पर्यायात हे असतं तर ते गृहीतक ठरलं असतं. त्यांनी वीज घातली, कारण त्यांना ठाऊक आहे की शेतकऱ्याचं पोर मोटारीशिवाय पाण्याचा विचार करणार नाही. तुला रात्री दोनची मोटार दिसली. ती विधानात नाही, तुझ्या शेतात आहे.

हा फरक जीव लावून शिक. ‘मला माहीत आहे की असंच असतं’ हे एक, आणि ‘विधानाला हे लागतंच’ हे दुसरं. शहरातलं पोर केळीच्या प्रश्नात चुकणार नाही, तू चुकशील. ते मेट्रोच्या प्रश्नात चुकेल, तू नाही.

अमावस्या. तू 1 खोडलंस, कारण ते खरं नाही. पण खरं आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं. बोलणारा ते मानतो का, एवढंच विचारलं. गृहीतक खोटं असू शकतं, मूर्खपणाचं असू शकतं, बेकायदाही असू शकतं. माझे सासरे अजून अमावस्येला बँकेत पैसे भरत नाहीत आणि मी त्यांची सून बँकेत आहे. वाद घालायचा तो घरी. पेपरात माणसाच्या डोक्यात शिरायचं आणि तिथं काय ठेवलंय ते बघून बाहेर यायचं.

दोन गोष्टी अजून, मग थांबते, कुकर लावायचाय.

उलटं करताना मराठी फसवते. ‘सगळे शेतकरी आले नाहीत’ याचा अर्थ काय? एकही आला नाही, की काही आले आणि काही राहिले? बोलण्यात दोन्ही चालतं. म्हणून मी वाक्याच्या मध्ये ‘नाही’ घालतच नाही. अख्खं वाक्य जसंच्या तसं ठेवते आणि शेवटी ‘असं नाही’ जोडते. ‘सगळे शेतकरी सल्ला पाळतील, असं नाही.’ आता घोळ नाही. ‘काही शेतकरी पाळतील, असं नाही’ म्हणजे एकही पाळणार नाही. ‘सगळे’चं उलट ‘कुणीच नाही’ धरलंस की कसोटी खोटं बोलते: कुणीच पाळणार नसेल तर सल्ला वाया, म्हणजे 3 बरोबर, असं वाटायला लागतं. माझे पहिल्या दोन प्रयत्नांतले निम्मे गुण इथंच गेलेत.

दुसरी गोष्ट, निष्कर्ष आणि गृहीतक एकमेकांत मिसळू नकोस. गृहीतक विधानाच्या आधी येतं, निष्कर्ष नंतर. ‘यंदा कांदेबाग (केळीची हिवाळ्याच्या तोंडावरची लागवड) कमी लागली, पुढच्या हंगामात भाव चढतील.’ इथं ‘शेतकऱ्याला फायदा होईल’ असा पर्याय दिला तर तो विधानाच्या पुढं जातो. भाव चढतील असं म्हणायला तो लागत नाही. आवक कमी झाली की भाव चढतो, हे मात्र आधी मानावं लागतं.

---

धुळ्याचा_पण_पुण्यात

ताईंचं उत्तर झकास. एक भर घालतो.

माझ्या भाचीनं अमेरिकेतल्या वकिलीच्या प्रवेशासाठी एलसॅटचा अभ्यास केला, तेव्हा तिची पुस्तकं मी चाळली. त्या परीक्षेत आधी कोड्यांचा एक वेगळा विभाग असायचा. ऑगस्ट 2024 पासून तो काढला आणि आता तर्काचे दोन विभाग गुणांना धरतात. म्हणजे हे गृहीतकाचं प्रकरण तिथं आपल्यापेक्षा जास्त जीवघेणं आहे.

तिथं दोन वेगळे प्रश्न विचारतात. एक: ‘या युक्तिवादाला कोणतं गृहीतक लागतंच?’ दुसरा: ‘कोणतं गृहीतक धरलं तर निष्कर्ष पक्का सिद्ध होतो?’ ऐकायला सारखे, पण उत्तरं वेगळी. बामणोदच्या वांग्यावर बघा. ‘बामणोदच्या वांग्यांचं कुणीही, कसंही भरीत केलं तरी ते चांगलंच होतं’ हे धरलं तर निष्कर्ष शंभर टक्के सिद्ध. पण ते लागतंच असं नाही. आज ज्या बाईनं भरीत करायला घेतलंय तिच्या हाताला चव आहे, एवढंच लागतं. पहिलं पुरेसं, दुसरं आवश्यक.

आपल्याकडच्या परीक्षांत बहुतेक वेळा आवश्यक तेवढंच विचारतात. ताईंची उलटं करण्याची कसोटी फक्त त्यालाच लागू पडते. दुसऱ्या प्रकाराला ती लावली तर बरोबर उत्तरही गळून पडेल.

आणि आवश्यकमध्येही दोन जाती आहेत. एक जोडणारं: दोन टोकं सांधतं. दुसरं राखण करणारं: आड येणारं काही नाही, असं मानतं. ‘सकाळच्या गाडीनं भुसावळहून निघालो की दहाच्या पेपरला जळगावात पोचतो’ यात गाडी वेळेवर आहे, केंद्र स्टेशनापासून तीस किलोमीटरवर नाही, ओळखपत्र घरी विसरलं नाही, अशी राखणदारांची रांगच उभी आहे. जोडणारं पटकन दिसतं. राखणदार दिसत नाही, कारण पर्यायात तो बिनकामाचा वाटतो. ‘ट्रॅक्टर उद्याही मिळेल’ हा तसलाच राखणदार.

---

अमळनेरकर_अप्पा

मी निवृत्त शिक्षक. संस्कृत आणि मराठी शिकवलं, तर्काच्या परीक्षा दिल्या नाहीत. नातू हे पान उघडून बसला होता, धूर हा शब्द दिसला आणि मी चष्मा शोधला.

बाळ, तुझ्या पहिल्याच प्रश्नात धूर आहे, आणि आपल्याकडच्या तर्कशास्त्राचा सगळ्यात जुना संसार धुरावरच चालतो. आमच्या गावात प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तिथं व्याख्यानाला गेलं की वक्ता कुठलाही असो, अर्ध्या तासात डोंगरावर धूर निघायचाच. आम्ही पोरं पैज लावायचो.

‘डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो.’ नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात, स्वतःशी विचार करताना एवढं पुरे. पण समोरच्याला पटवायचं असेल तर पाच वाक्यं बोलावी लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्यातल्या तिसऱ्या वाक्यात ‘जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघर’ हे उघड म्हणावं लागतं. याला व्याप्ती म्हणतात. तुमच्या परीक्षावाल्यांनी काय केलं, तर हेच तिसरं वाक्य काढून लपवलं आणि चार पर्यायांत टाकून दिलं. ते ज्यानं शोधलं त्याला अडीच गुण. माझी आई चुलीपाशी बसून म्हणायची, “धूर दिखना म्हंजे आग शेच.” व्याप्ती, एका श्वासात, अहिराणीत.

पण आता तुझ्या बागेत ये. उलटी दिशा बघ: ‘आग आहे, म्हणून धूर असणार.’ चालेल? नाही चालत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. आगीतून धूर यायला इंधन ओलं लागतं. या आडून येणाऱ्या अटीला नैयायिकांनी उपाधी असं नाव दिलं आहे. आणि तू पहाटे बागेत काय करतोस? नुसती आग लावतोस का? ओला पालापाचोळा टाकतोस, आग भडकू देत नाहीस, धुमसवतोस. उपाधी म्हणजे काय हे तुला कुणी शिकवायला नको, तू दर थंडीत हातानं करतोस. पुण्याच्या भावानं ज्याला राखणदार म्हटलं, त्याचं काम एवढंच की अशी उपाधी आड आलेली नाही, असं मानून चालणं.

एक उदाहरण देतो, त्यावर निष्कर्ष आणि गृहीतक वेगळं करून दाखव. मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचं आहे. ‘देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे.’ मीमांसक म्हणतात, म्हणजे तो रात्री जेवतो, नाहीतर या दोन गोष्टींचा मेळच बसत नाही. याला ते अर्थापत्ती म्हणतात आणि ज्ञानाचं वेगळं साधन मानतात. नैयायिक म्हणतात, वेगळं काही नाही, हेही अनुमानच. ते भांडण राहू दे. तू सांग: ‘देवदत्त रात्री जेवतो’ हे गृहीतक की निष्कर्ष?

---

केळीवाला_रावेर

अप्पा, नमस्कार करतो. आधी गृहीतक वाटलं, कारण ते बोललेलं नाही, लपलेलं आहे. मग ताईंचं ‘आधी की नंतर’ लावून बघितलं. रात्री जेवतो हे त्या दोन गोष्टींमधून बाहेर काढलंय, म्हणजे निष्कर्ष. आणि तो काढायला आधी मानावं लागतं ते हे: न जेवता कुणी धष्टपुष्ट राहत नाही. उलटं करून बघितलं: न जेवता माणूस धष्टपुष्ट राहू शकतो. मग देवदत्त रात्री जेवतो म्हणायचं कारणच उरलं नाही. बरोबर का?

---

अमळनेरकर_अप्पा

बरोबर. पण एक राखणदार राहिला. आमच्या वाड्यात चातुर्मासात दिवसा न जेवणारे दोन-तीन देवदत्त होते. जेवायचे नाहीत, हे खरंच. फराळ करायचे! साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची आमटी, वर केळी रावेरचीच. सगळे धष्टपुष्ट.

---

यावलची_ताई

अप्पा, हे मी उद्या बँकेत सांगणार. म्हणजे ‘जेवत नाही’ याचा अर्थ ‘काहीच खात नाही’ असा धरलेला आहे, तेही गृहीतकच. मुख्य परीक्षेत असले पर्याय येतात बरं का: शब्दाचा अर्थ दोन्ही ठिकाणी एकच आहे, असं मानलेलं असतं. सूचनेत ‘शेतकरी’ आणि पुढं ‘सातबारा धारक’ असं आलं की थांबायचं. बागा ठोक्यानं कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो.

---

पेपर_दोन

मान्य, दाखल्याच्या उदाहरणात माझा नियम आपटला. पण परीक्षेत एका प्रश्नाला मिनिट-दीड मिनिट मिळतं. देवदत्ताचा फराळ आठवत बसलो तर पेपर सुटेल का? माझं म्हणणं एवढंच की वेळ नसेल तेव्हा टोकाचा शब्द असलेला पर्याय आधी संशयानं बघावा.

---

यावलची_ताई

संशयानं बघ, हे चालेल. उडव, हे नाही. आणि वेळेचं म्हणशील तर उलटं करायला दहा सेकंद लागतात, हात बसला की पाच. हात बसायला मात्र दोन-तीन महिने. मी तेव्हा पेपरातल्या बातम्यांवर करायचे. ‘पुलाचं काम पूर्ण होईपर्यंत जड वाहनं पर्यायी रस्त्यानं वळवली’: पर्यायी रस्ता जड वाहनांना पेलतो, हे मानलंय. (आमच्या इथला पेलला नाही, तो विषय वेगळा. मानलं होतं, हे मात्र खरं.) ‘दहावीच्या निकालात मुलींची बाजी, मुलांनी मोबाइल सोडावा’: यात तर तीन-चार सापडतील. रोज पाच वाक्यं, वहीत. एका बाजूला विधान, दुसऱ्या बाजूला ‘असं नाही’ लावून बघितलेलं गृहीतक.

---

केळीवाला_रावेर

आठवडाभरानं लिहितोय, मध्ये घड कापणी चालू होती. तेच वीस प्रश्न सोडवले तर उत्तरं पाठ असल्यासारखी वाटली, म्हणून नवे वीस घेतले. तेरा बरोबर. सातपैकी चार माझे सरळ चुकले: दोनांत ‘सगळे’चं उलट ‘कुणीच नाही’ धरलं, एकात निष्कर्ष उचलला, एक घाईत. राहिलेल्या तिनांवर मी अजून भांडतोय.

वही चालू केली. पहिलं वाक्य वडिलांचं. परवा संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, “व्यापाऱ्याचा फोन नाही आला, म्हणजे भाव पडला.” मी वहीत लिहिलं: भाव पडला की व्यापारी फोन करत नाही. फोन न येण्याचं दुसरं काही कारण नाही. दुसरं वडिलांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “तू लिहीत बस, मी फोन लावतो.” लावला. भाव पडलाच होता.

आता सांगा, दुसरं गृहीतक खरं निघालं म्हणून ते गृहीतक होतं, असं नाही ना? ते आधीपासूनच होतं. व्यापाऱ्याचा फोन बिघडला असता तरी वडिलांनी ते मानलेलंच होतं. एवढं माझं मला कळलं.

भांडणाच्या तिनांतला एक देतो. विधान: ‘या वर्षी करप्यानं बागा गेल्या, म्हणून टिशू कल्चरची रोपं लावा.’ गृहीतके: (1) टिशू कल्चरच्या रोपांना करपा कमी येतो. (2) टिशू कल्चरची रोपं परवडतात. उत्तर दिलंय फक्त 1. आता करपा बुरशीचा, पानांवर येतो. टिशू कल्चरचं रोप रोगमुक्त मिळालं तरी बागेत लागलं की त्यालाही करपा येतो, हे मला माहीत आहे. तरी 1 बरोबर धरायचं, कारण बोलणारा ते मानतो. हे पटलं. पण 2? कुणालाच परवडत नसतील तर ‘लावा’ म्हणणारा खुळा ठरतो की नाही?

---

धुळ्याचा_पण_पुण्यात

‘परवडतात’ हा शब्द ढिला आहे. कुणाला? सगळ्यांना की काहींना? ‘काही शेतकऱ्यांना परवडतात’ असं लिहिलं असतं तर मी ते धरलं असतं. पेपर काढणाऱ्यानं बहुतेक ‘सर्वसाधारणपणे परवडतात’ असं मनात धरून ते सोडून दिलं. मी तुझ्या बाजूचा.

---

यावलची_ताई

मी नाही. परवडत नसलं तरी माणूस कर्ज काढून लावतो, अनुदान घेऊन लावतो. रोज काउंटरला बघते. ‘लावणं शक्य आहे’ एवढं लागतं, ‘परवडतं’ नाही. हे त्या विजेसारखंच झालं बघ: शक्य असण्याची एक वाट उचलून पर्यायात ठेवली.

उरलेल्या दोन प्रश्नांचा फोटो टाक. आणि वडिलांना विचार, भाव किती पडला. आमचीही पिलबाग (जुन्या केळीच्या पिलांवर धरलेली बाग) उभी आहे.